चार नंबरची खोड

गोळीबाराच्या दिवशी मेघाली मढवीला बटात बसवलं, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बट म्हणजे रेंजच्या दुसऱ्या टोकाला, टार्गेटाच्या अंगाला खणलेला खड्डा. गोळ्या सुटत असतील तोवर त्यात मुंडी खाली घालून बसायचं. शिट्टी झाली की वर यायचं, टार्गेटावरची भोकं मोजायची, आकडा ओरडून सांगायचा, भोकांवर कागदाच्या टिकल्या डकवायच्या आणि पुन्हा खड्ड्यात. हे काम नव्या पोरांना देतात, नाहीतर ज्याच्यावर वरच्यांचा राग आहे त्याला. मेघालीच्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती. ती हवालदार होती आणि भिवंडीतल्या त्यांच्या ठाण्यात तिच्यासारखी कार्बाइन मारणारं दुसरं कुणी नव्हतं. हे ती स्वतः म्हणत नसे, अनंतामामा म्हणायचे. आणि आज त्याच अनंतामामांनी तिच्या हातात टिकल्यांचा डबा दिला होता.

“मेघे, आज तू बटात बस. कुमार फायर करील.”

“मी का, मामा?”

“कुनीतरी बसायला पायजे ना?”

हे काही उत्तर नव्हतं. पण अनंता तरे ठाण्याच्या शस्त्रागाराचे हवालदार होते, शेजारच्या कोन गावचे होते, येत्या एकतीस मार्चला रिटायर होणार होते, आणि मेघाली त्यांना अठरा वर्षं उलट बोलली नव्हती. तिने डबा घेतला.

दुसरी गोष्ट चंद्रा शिपायाची. बटात दोघं लागतात. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने मोजणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, असा तो नियम आहे. चंद्रा तिच्याबरोबर खड्ड्यापर्यंत आलाही होता. तेवढ्यात मामांनी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि मोटारसायकलवरून पडघ्याला पिटाळलं. काय, तर नाष्टा आण. सकाळी निघताना इडल्यांचा डबा मेघालीने स्वतःच्या हाताने गाडीत ठेवला होता. झाकण तिनेच दाबून बसवलं होतं.

खड्ड्यात एकटी बसून ती हे सगळं जुळवत होती, आणि ते जुळत नव्हतं.

आज परीक्षा माणसांची नव्हती, हत्यारांची होती. ठाण्यात अकरा कार्बाइन होत्या. सोमवारी ट्रेनिंग संपवून नवी बॅच हजर व्हायची होती आणि या अकरा कार्बाइन त्यांच्या हातात जायच्या होत्या. त्याआधी एकेक कार्बाइन पंचवीस मीटरवरून पाच गोळ्या मारून तपासायची, जी नीट मारते ती ठेवायची, जी मारत नाही ती हेडक्वार्टरला दुरुस्तीला पाठवायची, असा ऋतिका मॅडमनी हुकूम काढला होता. ऋतिका मॅडम सहायक निरीक्षक, तिशीच्या, कोल्हापूरकडच्या. ठाण्यात येऊन तीन आठवडे झाले होते आणि अजून कुणाच्याही घरचा चहा प्यायल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

आता कार्बाइनची गंमत अशी की ती रायफलीसारखी शहाण्यासारखी वागत नाही. रायफलीत गोळी आधीच आपल्या घरात बसलेली असते, ट्रिगर दाबला की सुटली. कार्बाइनचा बोल्ट मागे ताणून उघडाच ठेवलेला असतो. ट्रिगर दाबला की तो लोखंडाचा गट्टू आधी पुढे धावतो, वाटेत गोळी उचलतो, नळीत कोंबतो, आणि मग बार होतो. म्हणजे माणसाने मनात आणलं आणि गोळी सुटली, यांच्यामध्ये एक दणका असतो. त्या दणक्यात नळीचं नाक हलतं. मेघाली नोकरीला लागली त्या वर्षी बायांच्या हातात कार्बाइन कुणी देत नसे. मामांनी दिली. ती आवाजाला दचकली तेव्हा म्हणाले होते, “शेलार गावची ना तू? घरी लूम हाय ना? मंग? धोटा इकडनं तिकडं जातो तसा हा बोल्ट जातो. धोट्याला कधी घाबरलीस?” ती नव्हती घाबरली. वडिलांच्या गाळ्यात चार लूम होते, धोट्यांच्या खटखटाटात ती अभ्यास करून दहावी झाली होती. दुसऱ्या गोळीला ती दचकली नाही.

पण नाक हलणं वेगळं आणि खोड वेगळी. ठाण्याच्या अकराही कार्बाइनला आपापली खोड होती. पाच नंबर डावीकडे ओढायची. दोन नंबर पहिली गोळी मातीत घालून उरलेल्या चार देवासारख्या मारायची. आणि चार नंबर आठ वर्षांपूर्वी जीपमधून पडली, तिचं नेम धरायचं पुढचं साइट जरासं वाकलं, तेव्हापासून ती सरळ धरली तर डाव्या कमरेबाहेर मारायची. पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीत गोळी घालायची तर त्याच्या उजव्या कानाच्या बाहेर, हवेत, नेम धरायचा. जिथे काही नाही तिथे. नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगतात ना, हे दार वर उचलून लोटायचं, हा नळ उलटा फिरतो, या पायरीवर पाय द्यायचा नाही, तसं मामा ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक कार्बाइनची खोड सांगायचे. दुरुस्तीला पाठवलेलं वेपन दोन-दोन वर्षं परत येत नाही, आणि तोवर पोरांनी बंदोबस्ताला काय काठ्या घेऊन उभं राहायचं, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणून रजिस्टरात दर वर्षी एकच ओळ जायची. सर्व वेपन सुस्थितीत.

यात काही खोटं आहे असं मेघालीला कधी वाटलं नव्हतं. सासरचं दार वर उचलून लोटणाऱ्या बाईला कुठे वाटतं की दार मोडकं आहे.

शिट्टी झाली. एक नंबर. ती वर आली. कापून काढलेला पुठ्ठ्याचा माणूस समोर उभा, छातीत पाच भोकं.

“पाच,” ती ओरडली. टिकल्या डकवल्या. टिकल्यांना लावायची खळ ती भावाच्या साइझिंगच्या कारखान्यातून आणत असे. सुताला पाजतात ती कांजी. एकदा लावली की कागद फाटेल पण टिकली सुटणार नाही.

दोन नंबर, चार. तीन नंबर, पाच. चार नंबर, पाच, आणि पाचही तळहाताखाली झाकता येतील अशी. कुमार पडघ्याचाच, तिशीचा, हात बरा होता त्याचा, आणि मामांचे धडे त्यालाही पाठ होते. अकरा नंबर होईपर्यंत पंचावन्न गोळ्यांतल्या बावन्न छातीत होत्या. मेघालीने प्रत्येक आकडा लाल-निळ्या जाड पेन्सिलीने वहीत लिहिला आणि पेन्सिल खिशाला अडकवली.

शेवटच्या शिट्टीनंतर ऋतिका मॅडम स्वतः चालत टार्गेटापर्यंत आल्या. मागोमाग मामा आले. मॅडमनी टिकल्यांवरून बोट फिरवलं, जशी सासू खिडकीच्या चौकटीवरून फिरवते.

“तरे, ही वेपनं किती वर्षांची?”

“माझ्या आधीची हायेत, मॅडम.”

“आणि अकराच्या अकरा छातीत?”

“देखभाल हाय, मॅडम.”

मॅडमनी मेघालीकडे पाहिलं. “मढवीताई, बटात तुमच्याबरोबर दुसरं कोण होतं?”

“चंद्रा होता, मॅडम. तो नाष्टा आणायला गेला.”

“कधी?”

“फायरिंगच्या आधी.”

मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामा हातातल्या फडक्याकडे पाहत होते. आणि मेघालीला पहिल्यांदा कळलं की आपण जिथे उभ्या आहोत ती जागा आपण निवडलेली नाही.

“मी मारते,” मॅडम म्हणाल्या. “चार नंबर द्या. हिचं ग्रुपिंग सगळ्यात चांगलं होतं ना?”

“मॅडम, एक नंबर घ्या की,” मामा म्हणाले. “हलकी हाय.”

“चार.”

मेघाली पुन्हा खड्ड्यात उतरली. वर पाच बार झाले, सावकाश, मोजून. प्रत्येक बारानंतर मागच्या मातीच्या बांधातून ढप असा आवाज आला, आणि तो आवाज दर वेळी एकाच ठिकाणाहून, डावीकडून आला. तिला वर यायच्या आधीच कळलं होतं.

टार्गेट कोरं होतं. तरी तिने ते पोरीच्या डोक्यातल्या उवा पाहाव्यात तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. जुन्या टिकल्या, बाकी काही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिचा हात खिशाकडे गेला. पेन्सिलीचं टोक गोळीएवढंच जाड. दोन भोकं, छातीत नको, पोटात, खांद्यावर. मॅडमचा मान राहील, मामांची वेपनं राहतील, सगळे इडली खातील. ठाण्यांमधून हे चालतं, तिने ऐकलं होतं. तिने हात खाली घेतला.

“मॅडम,” ती ओरडली, “लागली नाही.”

“एकही?”

“एकही नाही.”

मॅडम चालत आल्या. रागाने नाही, सावकाश, आणि हे जास्त वाईट होतं.

“दहा मिनिटांपूर्वी याच वेपनच्या पाच गोळ्या एका मुठीत बसल्या. आता पाच हवेत. मी अकादमीत फायरिंगला दुसरी आले होते, हवालदार मढवी. मी एवढी वाईट मारत नाही.”

मढवीताईची हवालदार मढवी झाली होती, हे मेघालीच्या लक्षात आलं.

“तुमच्या खिशात काय आहे?”

तिने पेन्सिल काढून दिली. मॅडमनी ती टार्गेटाच्या कोऱ्या खांद्यावर टेकवून दाबली. भोक पडलं. गोल, नीटनेटकं, कुणीही गोळीचं म्हणेल असं.

“एक टिकली काढा,” मॅडम म्हणाल्या. “गोळीच्या भोकाच्या कडेला काळं वर्तुळ असतं. बघू.”

मेघालीने नखाने टिकली उचकटायचा प्रयत्न केला. टिकली पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊन आली, खाली भोकाच्या जागी नुसता लगदा. दुसरी काढली, तेच. भावाच्या साइझिंगची कांजी चोख होती.

“ही कुठली खळ?”

“मी आणली, मॅडम.”

“तुम्ही आणली,” मॅडम म्हणाल्या. “एकट्याच होतात, पेन्सिल तुमची, खळ तुमची.” त्यांचा आवाज चढला नाही. “सोमवारी ही वेपनं बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींच्या हातात जाणार आहेत. कुणी पेन्सिलीने पास केलेलं वेपन मी देणार नाही. खात्याची चौकशी लागेल. तुमच्यावर.”

“मी भोक पाडलं नाही, मॅडम.”

“मग दाखवा. तुमच्या सर्व्हिस शीटवर फायरिंगचं बक्षीस आहे, मी वाचलंय. नवीन टार्गेट लावते, बटाजवळ मी स्वतः उभी राहते. चार नंबरने तुम्ही मारा. पाच लागल्या तर माझं चुकलं, मी माफी मागेन. नाही लागल्या तर तुम्हीच सांगा काय समजायचं.”

त्या नवीन टार्गेट आणायला गाडीमागच्या पेटीकडे गेल्या. कुमार ओळीवरून बघत होता, पण जवळ आला नाही. मेघाली सरळ मामांकडे गेली. हिरव्या ताडपत्रीवर अकरा कार्बाइन एका रांगेत निजवल्या होत्या आणि मामा चार नंबर पुसत होते. जी पुसायची गरज नव्हती.

“मामा, मला बटात का टाकलं?”

“तू मारलं असतंस तर कागदावर तुझी सही लागली असती. मला ती नको होती.”

“नि चंद्राला का पिटाळलं? नाष्टा तर गाडीत हाय.”

“चंद्राच्या तोंडाला झाकण हाय का? बाईसमोर गोडाऊनची गोष्ट सांगून मोकळा झाला असता.”

गोडाऊनची गोष्ट म्हणजे ठाण्यातला जुना विनोद. दोन वर्षांपूर्वी नाशिक हायवेला चोरीच्या मालाचा टेम्पो पळत होता. चंद्रा तेव्हा ठाण्यात नवा. त्याने त्यावर दोन गोळ्या मारल्या आणि त्या लागल्या गोडाऊनच्या भिंतीला. वर्षभर कुणी गोडाऊन म्हटलं की हशा. चंद्रा स्वतः हसायचा. त्याच्या हातात चार नंबर होती आणि तिची खोड त्याला सांगायची राहून गेली होती. पंचनामा मेघालीने लिहिला होता. भिंतीत दोन खड्डे, कमरेएवढ्या उंचीवर. भिंतीखाली एका हमालाचा जेवणाचा डबा, उघडा. तो पाणी आणायला उठला होता. डाळ सांडली होती तेवढी. पंचनाम्यात डाळ लिहायचं काही कारण नव्हतं, म्हणून तिने लिहिली नव्हती, आणि मग तीही सगळ्यांबरोबर हसली होती.

आता तिला हसू येईना.

“आणि मी एकटी राहिले बटात, तर संशय माझ्यावर येईल, हे तुमच्या डोक्यात नाही आलं?”

मामांनी फडकं खाली ठेवलं. “न्हाय आलं. देवाशप्पथ.”

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अठरा वर्षं पाहिलेलं तोंड, डाव्या गालावर वांगाचा डाग. ते खरं बोलत असतील. नसतीलही. आज सकाळपर्यंत तिला हा प्रश्न पडला नसता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“पोरी, सोपं हाय,” मामा हळूच म्हणाले. “कानाच्या भाएर धर नि पाच मार. तुझं नाव साफ. ती बाई माफी मागेल, मोठ्या मनाची वाटते. विषय संपला.”

“नि सोमवारी?”

“सोमवारी मी नव्या पोरांना शिकवीन एकेकाची खोड. तुला शिकवली न्हाय?”

“नि एक एप्रिलला?”

हे काय विचारणं झालं, असे मामा तिच्याकडे बघत राहिले.

“तू हायस ना,” ते म्हणाले.

त्यांनी हे मायेने म्हटलं, यात तिला शंका नव्हती. एखादा बाप लेकीच्या हातात घराच्या किल्ल्या ठेवतो तसं. पण त्याचा अर्थ तिला कळला. उद्या रजिस्टरात ती ओळ आपल्याच हाताने लिहायची. प्रत्येक नव्या पोराला सांगायचं, आणि एखाद्याला सांगायचं राहून जाणार, चंद्रासारखं. तिला वाटत आलं होतं की तिचा हात चांगला म्हणून मामांनी तिला शिकवलं. ते खरंही होतं. पण त्यांना आपल्या मागे कुणीतरी हवं होतं, हेही खरं असेल, आणि कुठलं आधी होतं हे आता कुणाला विचारणार.

“सांगितलं तर तुमचं काय होईल?”

“वर्षानुवर्षं खोटं लिहिलंय म्हणतील. पेन्शन अडकेल. चौकशी निघेल.” मामांनी चार नंबर तिच्या हातात दिली. “मी तुला काय बोल म्हणत न्हाय, काय नको बोलू म्हणत न्हाय. तुझं तू बघ.”

म्हणाले खरं. पण डोळे तसं म्हणत नव्हते.

कुमार तोवर जवळ आला होता. मॅगझिन देताना तो पुटपुटला, “ताई, पाच घाला आणि चला ना घरी. कुणाचंच वाईट होत नाही.”

“गोडाऊनला विचार,” ती म्हणाली. कुमारला वाटलं ती विनोद करतेय.

पंचवीस मीटरच्या ओळीवर ती उभी राहिली. कोवळं ऊन पाठीवर होतं, बांधामागे वालाची शेतं आणि त्यापलीकडे गोडाऊनची निळी छपरं. नवीन पुठ्ठ्याचा माणूस समोर कोराकरकरीत उभा होता. मॅडम बाजूच्या आडोशाला गेल्या आणि तिथूनच शिट्टी वाजवली.

मेघालीने दस्ता खांद्याला लावला. बोल्ट मागे ओढला, तो मागेच अडकून राहिला, तयार. मग तिने नळी खालीच ठेवून, मॅडमना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

“मॅडम, पहिली गोळी. छातीच्या मधोमध धरते, पुस्तकात लिहिलंय तसं.”

मागे कुमारने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. तिने छातीच्या मधोमध धरलं, ट्रिगर दाबला, गट्टू पुढे धावला, बार झाला. ढप. बांधाची माती डाव्या बाजूला उडाली.

“नाही लागली,” मॅडमचा आवाज आला.

“दुसरी. तशीच, मधोमध.”

ढप. तीच जागा.

“हवालदार मढवी, हे काय चाललंय?”

“तिसरी, मॅडम. आता माणसावर धरत नाही. त्याच्या उजव्या कानाच्या बाहेर धरते. चार बोटं बाहेर, हवेत.”

बार. पुठ्ठ्याचा माणूस थरथरला. छातीत एक भोक पडलं आणि त्यातून पलीकडच्या मातीचा ठिपका दिसायला लागला.

“चौथी. तिथेच, हवेत.”

पहिल्या भोकाला खेटून दुसरं पडलं.

“पाचवी मधोमध.”

ढप.

तिने वेपन रिकामं केलं, मॅगझिन काढलं, दाखवलं, खाली ठेवलं.  

मॅडम आडोशातून बाहेर आल्या. टार्गेटासमोर उभ्या राहिल्या, मग बांधापर्यंत गेल्या. तिथे डाव्या बाजूला मातीत एकाच ठिकाणी उकरल्यासारखा खड्डा झाला होता. त्यांच्या स्वतःच्या पाच गोळ्याही त्यातच होत्या. त्या बराच वेळ तिथे वाकून उभ्या होत्या. परत येताना त्यांनी पेन्सिल मेघालीला दिली.

“माझं चुकलं, मढवीताई. तुम्ही भोक पाडलं नाही.”

“नाही, मॅडम.”

“मी सरळ धरत होते, म्हणून माझं चुकत होतं.” त्या मामांकडे वळल्या. “आणि तुमची माणसं वाकडं धरतात म्हणून सगळं बरोबर येत होतं. असंच ना, तरे?”

मामा उभे राहिले. फडक्याची घडी करत होते, छोटी, आणखी छोटी. मेघालीला वाटलं, आता ते नाही म्हणतील. देखभाल हाय म्हणतील. किंवा आपल्याकडे बघून म्हणतील, हिलाच विचारा.

“असंच हाय, मॅडम,” मामा म्हणाले.

“बाकीच्या दहांचं?”

“सगळ्यांना खोड हाय. एकीला कमी, एकीला जास्ती.”

“मला एकेक सांगा. मी लिहून घेते. सगळी अकरा सोमवारच्या आत हेडक्वार्टरला जातील.”

“मंग पोरांना काय देशील, मॅडम?” ते एकदम एकेरीवर आले, वयाने. “मोकळ्या हातानं उभं करशील?”

“ती माझी काळजी. मी वरून मागून आणीन, नाही मिळाली तर मी स्वतः त्यांच्याबरोबर उभी राहीन. पण ज्याने कुठे मारायचं ते हवेत बघून ठरवावं लागतं, असलं हत्यार देणार नाही.”

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग ताडपत्रीपाशी उकिडवे बसले आणि एकेका कार्बाइनवर हात ठेवत सांगायला लागले. एक नंबर चांगली हाय, पण गार असली की वर मारते. दोन नंबरची पहिली गोळी वाया धरायची. तीन जराशी उजवी. चार तुम्ही पाह्यलीतच. पाच नंबरला उजव्या खांद्यावर धरायचं. लेकी-सुनांच्या सवयी सांगाव्यात तसं ते सांगत होते, कुठलीला गोड, कुठलीला तिखट, आणि मॅडम उभ्याउभ्या वहीत लिहीत होत्या. सहा. सात. आठ.

नऊवर हात ठेवून ते थांबले.  त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एवढा वेळ उकिडवं बसवत नाही, हे एक. दुसरं म्हणजे प्रत्येक नंबराबरोबर ते स्वतःच्या विरुद्ध एकेक कागद भरून देत होते आणि ते त्यांना कळत होतं.

“नऊ, तरे?” मॅडम म्हणाल्या.

मामांनी वर पाहिलं. मॅडमकडे नाही, मेघालीकडे. त्यात मागणं नव्हतं. नुसती आठवण हरवलेल्या माणसाची नजर होती.

मेघालीचं नाव साफ झालं होतं. तसं मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या, कुमारच्या देखत. तिने गप्प उभं राहायचं होतं, बस्.

“नऊ नंबर वर मारते, मॅडम,” ती म्हणाली. “कमरेच्या पट्ट्यावर धरायचं, म्हणजे छातीत लागते. मला बारा वर्षांपासून माहीत आहे.”

मॅडमचं लिहिणं थांबलं. “तुम्हाला माहीत होतं.”

“अकराही.”

“तरी कधी लिहून दिलं नाहीत?”

“नाही, मॅडम.”

“तू कशाला बोलतंस?” मामा खालूनच डाफरले. आवाज परत आला होता. “तुला इचारलंय का कुनी? मॅडम, ही उगाच बोलते. हिला काय ठाव न्हाय. मी सांगतो नऊचं.”

“सांगून झालं, मामा,” मेघाली म्हणाली. “दहा सांगा.”

“तुझी बढती हाय ना जूनमध्ये?”

“दहा सांगा.”

मागून कुमार पुढे आला, मान खाली. “मॅडम, माझंही नाव लिहा. आज पंचावन्न मीच मारल्या.”

“तू गप रे,” मामा म्हणाले. “तुझी सत्तावीस वर्षं नोकरी हाय अजून.”

ऋतिका मॅडमनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मेघालीला वाटलं, आता त्या वही मिटतील, किंवा ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या मामांसमोर ताडपत्रीच्या कडेला खाली बसल्या, युनिफॉर्मची पर्वा न करता, आणि वही गुडघ्यावर घेतली.

“तीन नावं लिहिते,” त्या म्हणाल्या. “पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि खोटं आश्वासन देणार नाही. दहा नंबर सांगा.”

मामांनी दहावर हात ठेवला. मेघालीही त्यांच्या शेजारी बसली.

“दहा,” मामा म्हणाले, “ही शहाणी हाय. हिला काय खोड न्हाय.”

“खरंच?” मॅडमनी विचारलं, मामांना नाही, मेघालीला.

मेघालीने क्षणभर मामांकडे पाहिलं. मग ती उठली, दहा नंबर उचलली, मॅगझिन मागितलं आणि म्हणाली, “सांगत नाही, मारूनच दाखवते, मॅडम. मधोमध धरते.”